उन्हाळी शिबिरातील लहान मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पनवेल येथे केलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि त्यानंतर कोणी तरी मोठ्या हुद्द्यावरचे ज्ञातिबांधव त्यांना दोन हिताच्या गोष्टी सांगतात. यंदा चिटणीसांनी ते काम मजवर सोपविले आहे. मी हुद्देदार नव्हे आणि विद्वान तर नव्हेच. मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पनवेल तालुक्यातील प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षे बहुतांशी पहिली-दुसरीचे वर्ग शिकविले. वरचे वर्ग मला कोणी दिले नाहीत, मीही मागितले नाहीत. तेव्हा सत्कार झालेल्या मोठ्या मुलांविषयी मी काही बोलत नाही. आताही मागच्या बाजूस ज्यांचा गलबला चालू आहे आणि ज्यांना गप्प बसविण्यासाठी आपण मघापासून डोळे वटारीत आहोत, त्या लहानग्यांविषयी मला बोलावयाचे आहे.

सन २०२५ च्या मे महिन्यात आपल्या सभागृहात चार ते आठ वर्षांच्या मुलांचे उन्हाळी शिबिर भरले. सोमवार, ता. ५ मे रोजी प्रारंभ झाला. वेळ सकाळी आठ ते साडेदहा. नावे अडतीस मुलांची आली, त्यांपैकी तीसेक नियमाने येत. जमाखर्च चिटणीसांनी अहवालात दिलाच आहे, त्याची पुनरुक्ती करीत नाही. मदतीस ज्ञातीतील दोन तरुण भगिनी होत्या आणि लाईन आळीतील एक आजी होत्या. त्या आजींनी शेवटपर्यंत एकही दिवस चुकविला नाही, आणि शिबिर चालले ते माझ्यापेक्षा त्यांच्या जिवावर, हे येथे सांगितले पाहिजे.

पहिल्याच दिवशी दारात पालकांनी मला तीन प्रश्न विचारले. इंग्रजी बोलावयास शिकविणार काय? अबॅकस आहे काय? शेवटच्या दिवशी रंगमंचावर काय सादर होणार? या प्रश्नांवर हसण्याचे कारण नाही. नवीन पनवेल, खांदेश्वर, कामोठे या बाजूस एप्रिल उजाडला की प्रत्येक खांबावर शिबिराचा फलक लागतो आणि त्यावर एका महिन्यात मुलाला काय काय येऊ लागेल याची यादी असते. आईबाप दोघेही नोकरीस जाणारे. पैसे मोजावयाचे तर त्यांचे काही फळ डोळ्यांना दिसावे असे त्यांना वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, जे लवकर दिसते ते बहुधा उसने असते. पाठ केलेले गाणे दिसते. बोटांत आलेली ताकद दिसत नाही.

ही बोटांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिचा आपल्या ज्ञातीशी निकटचा संबंध आहे.

इटलीतील मारिया माँटेसरी या मूळच्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. सन १९०७ च्या जानेवारीत रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. ते का उघडले गेले हे फार थोड्यांना ठाऊक असते. तेथे मजुरांसाठी चाळींसारख्या इमारती दुरुस्त करून दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर आणि शाळेच्या वयाची न झालेली मुले मागे मोकाट. ती भिंती खराब करीत, जिने घाण करीत. तेव्हा इमारतींच्या मालकांनाच वाटले, की या पोरांना एका खोलीत सांभाळणारे कोणी असेल तर नुकसान टळेल. म्हणजे उद्देश पाहिला तर भिंती वाचविण्याचा! परंतु त्या खोलीत बाईंनी मुलांकडे जे पाहिले, त्यातून साऱ्या जगाचे बालशिक्षण बदलले.

त्या बाईंची साधने मी तरुणपणी प्रथम पाहिली तेव्हा मला हसूच आले. एक लाकडी चौकट, तिच्यावर कापडाचे दोन पदर आणि मध्ये बटणे व काजे. दुसऱ्या चौकटीवर हूक, तिसरीवर नाडी, चौथीवर बंद. एका पेटीत कापडांच्या जोड्या, रेशमी, सुती, लोकरी, आणि डोळे बांधून नुसत्या स्पर्शाने त्यांच्या जोड्या लावावयाच्या. मनात म्हटले, हे तर आमच्या दुकानातले सामान! माझे वडील मशीनवर बसत तेव्हा त्यांच्या पायांशी बसून मी याच गोष्टी करीत वाढलो होतो. मांजरपाट कोणता, पॉपलीन कोणते, अस्तराचे कापड कोणते हे आम्हा भावंडांना अंधारात हात लावून सांगता येई. त्याला शिक्षण म्हणतात हे मात्र आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

बटण काजातून काढावयाचे, दोरा मण्यातून ओवावयाचा, यासाठी अंगठा आणि त्याजवळची दोन बोटे लागतात. पेन्सिल धरण्यासही तीच तीन बोटे लागतात. ज्याची ती बोटे तयार नाहीत त्याच्या हाती पेन्सिल दिली, की तो ती मुठीत धरतो, कागद फाडतो, मान वाकडी करतो आणि मार खातो. ज्याची बोटे तयार झाली आहेत तो अक्षर लवकर गिरवितो, आणि आपण समजतो की मुलगा हुशार. माझ्या वर्गात अशी हुशार मुले मी पुष्कळ पाहिली, आणि त्यांतील बरीचशी घरी आईस भाजी निवडू लागणारी, शेंगा सोलू लागणारी होती.

म्हणून शिबिरासाठी मी बाजारातून काही आणले नाही. ज्ञातिबांधवांच्या दुकानांतून कात्रणे गोळा केली, जुनी लाकडी रिळे मिळविली आणि सुट्या बटणांचा एक डबा भरला. पुठ्ठ्यास भोके पाडून त्यांतून बुटाची नाडी ओवावयास चार-पाच वर्षांच्यांना दिली. सहाच्या वरच्यांना टोक घासून बोथट केलेले दाभण आणि गोणपाटाचा तुकडा. घोंगडीच्या जाड कापडाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली. मूल त्यांवरून बोट फिरविते आणि खरखरीत लागते तेथवर अक्षर, गुळगुळीत लागले की अक्षराबाहेर गेलो, हे त्याचे त्यालाच कळते. शिक्षकाने ओरडावयाचे कारण राहत नाही. बाहेर ताडगोळ्यांच्या सालींची चाके करून गाडे केले, चिंचोके मोजले, पळसाच्या पानांची पत्रावळ लाविली. न्याहारीस भिजविलेले हरभरे किंवा गूळ-शेंगदाणे आणि कोकमाचे सरबत. मुलांना कर्नाळ्यास न्यावे अशी सूचना आली होती. पण मे महिन्यातले ऊन आणि चार वर्षांची पावले लक्षात घेऊन आम्ही वडाळे तलावाच्या काठापर्यंतच गेलो. तेवढ्यातही दोघांनी चपला हरविल्या.

बटणांच्या डब्याची एक हकीकत सांगतो. मी पाच-सहा मुलांपुढे बटणे ओतली आणि म्हणालो, "एकसारखी एकसारखी वेगळी करा." माझ्या मनात रंग होते. सगळ्यांनी रंगांचे ढीग केले. एका पाच वर्षांच्या मुलाने मात्र लाल, पांढरी, काळी अशी सर्व मिसळून दोनच ढीग केले. मी म्हणालो, "बाळ, चुकले, पुन्हा कर." त्याने मुकाट्याने सर्व एकत्र केले आणि पुन्हा तसेच दोन ढीग केले. मी तिसऱ्यांदा सांगणार तोच त्या आजी मागून म्हणाल्या, "गुरुजी, चष्मा लावा की." चष्मा लावून पाहतो तो एका ढिगात सारी दोन भोकांची बटणे आणि दुसऱ्यात चार भोकांची! चिरंजीव आजोबांच्या दुकानात बसत असत. इतकी वर्षे शिकवून शेवटी मला एका बटणाने शिकविले.

दुसरी हकीकत माझ्या चुकीची आहे, आणि ती सांगण्यापूर्वी आपणा सर्वांस पाठ असलेली एक कथा आठवून द्यावयाची आहे. दामाशेटींना परगावी जावयाचे होते. त्यांनी लहानग्या नामदेवास सांगितले, की आज विठोबाला नैवेद्य तू ने. बाळ नैवेद्य घेऊन गेला आणि देव जेवीना म्हणून हट्ट धरून बसला. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात, आणि ती भक्तीची आहेच. पण लहान मुलांच्या शिक्षकाने ती ऐकावी तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट दिसते. मोठी माणसे नैवेद्य 'दाखवितात', देवाने खावयाचे नसते हा संकेत त्यांना ठाऊक असतो. बाळाला संकेत ठाऊक नसतो, त्याला शब्द ठाऊक असतो. देवासाठी अन्न नेले आहे तर देवाने जेवले पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाशी बोलताना आपण जे बोलतो तेच तो ऐकतो, आपल्या मनातले ऐकत नाही.

ही कथा ठाऊक असूनही शिबिराच्या तिसऱ्या दिवशी गोंगाट फार झाला म्हणून मी जरा आवाज चढवून म्हणालो, "मी सांगेपर्यंत कोणी जागा सोडावयाची नाही." आणि पुढच्या कामात मी ते विसरून गेलो. मोठी मुले थोड्या वेळाने उठलीही. एक साडेचार वर्षांची मुलगी मात्र तशीच बसून राहिली. तिला बाहेर जावयाचे होते, पण मी सांगितले नव्हते. व्हावयाचे ते झाले, आणि इतर मुले हसली. तिने आजींच्या पदरात तोंड लपविले ते सुटी होईपर्यंत काढले नाही. पुढचे चार दिवस ती आली नाही. मी तिच्या घरी गेलो. तिचे आईवडील म्हणाले, "गुरुजी, लहान आहे, होते असे." ते मला समजावीत होते. मी त्या मुलीपुढे बसून सांगितले, की चूक तुझी नव्हती, माझी होती, मी उठा म्हणावयास विसरलो. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "उद्या विसरणार नाही ना?" दुसऱ्या दिवशी ती आली.

नोकरीत असताना मी कोणा मुलाची अशी क्षमा मागितली नाही. मागावयास हवी होती अशा प्रसंगांतील एक येथे सांगून टाकतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. डाव्या हाताने लिहिणे हे वाईट वळण, अशी तेव्हा माझी पक्की समजूत. मी त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारीत असे. वर्षअखेरीस तो उजव्या हाताने लिहू लागला, पण फार सावकाश, आणि वाचताना अडखळू लागला, जे पूर्वी होत नसे. मी मात्र वळण लाविले म्हणून समाधानात होतो. पुष्कळ वर्षांनी एका दुकानात सदऱ्याचे माप देण्यास गेलो. तेथला कारागीर टेप गळ्यात टाकून माझे माप घेत होता आणि वहीत डाव्या हाताने आकडे टिपीत होता. त्याने मला ओळखले होते. 'नमस्कार गुरुजी' म्हणाला. दुसरे काही बोलला नाही, मीही बोललो नाही. सदरा उत्तम शिवला होता. शिबिरात यंदा डावखुरी तीन मुले होती. दोघांच्या आयांनी मला सवय मोडण्याविषयी सांगितले, तेव्हा मी त्यांना ही हकीकत ऐकविली. आपल्या घरांतून अजूनही ही समजूत असेल तर ती सोडावी. मेंदूची घडणच तशी असते, तो दोष नव्हे, असे आज जाणकार एकमताने सांगतात. डाव्या हाताच्या कात्र्याही आता मिळतात.

आता मूळ विषयाकडे येतो. त्यासाठीच मी चिटणीसांची विनंती मान्य केली.

शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या सभागृहाच्या फाटकाशी एक मुलगी उभी राहू लागली. वय सात असेल. कडेवर सात-आठ महिन्यांचा भाऊ. शेजारी नवी इमारत उठते आहे, तेथे तिचे आईबाप कामाला. विजापूरकडचे लमाणी कुटुंब. ती काही मागत नसे, फाटकाच्या गजांतून पाहत उभी राही. भाऊ रडू लागला की त्याला झुलवीत इकडेतिकडे फिरे आणि पुन्हा येऊन उभी राही. तीन दिवस मी तिकडे दुर्लक्ष केले, कारण शिबिराच्या पत्रकावर "फक्त ज्ञातिसभासदांच्या पाल्यांसाठी" असे छापले होते आणि तो नियम करणाऱ्यांत मीही होतो.

चौथ्या दिवशी गोणपाटावर टाके घालण्याचे काम चालू होते. मोठ्या मुलांपैकी एकालाही दाभणात दोरा ओवता येईना. मित्रहो, ही मुले कोणाची? ज्यांच्या आजोबांनी रात्र रात्र जागून जूनमध्ये शाळांचे गणवेश शिवले, त्यांची नातवंडे! दोष मुलांचा नाही. दुकाने तयार कपड्यांची झाली, घरातले मशीन माळ्यावर गेले आणि सुईला हात लावू नकोस, टोचेल, असे आपणच त्यांना सांगितले. फाटकातून ती मुलगी हसली. आजींनी तिला हाताने बोलाविले. ती आत आली, भावाला खाली ठेवले, दोरा जिभेवर ओला केला, दाभणात ओविला, दोन बोटांत फिरवून गाठ मारली आणि गोणपाटावर असे काही टाके घातले, की मी पाहतच राहिलो. तिच्या आईच्या घागऱ्यावर आरसे बसविलेले असतात, ते काम पाहत आणि हाताळत ती वाढली होती. त्या दिवसापासून आमच्या मोठ्या मुलांना टाके तिने शिकविले. तिला मराठी थोडे येई, आमच्या मुलांना तिची बोली येत नसे. काही अडले नाही.

अडचण भावाची होती. तो रडला की तिला उठावे लागे. तेव्हा आपल्याच एका ज्ञातिबांधवाने दोन मीटर मांजरपाटाची झोळी शिवून दिली आणि सभागृहातील आकड्यास ती टांगली. भाऊ झोळीत आणि बहीण कामात.

ही युक्ती माझी नव्हे. ती महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी दाखवून दिली आहे. ताराबाई पदवीधर. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुखपदाची मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करावयास गेल्या. गिजुभाई स्वतः वकिली सोडून बालशिक्षणात आलेले. सन १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरांतील सुखवस्तू मुलांसाठी जे चालले आहे ते खेड्यातील मुलाला मिळेल काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना, म्हणून १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. तेथे त्यांना अनुताई येऊन मिळाल्या. तेरा वर्षांच्या वयात लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आलेल्या, त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या या बाई. बोर्डीस बालवाडी उघडली तरी गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना बोलाविणे सोडले आणि बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द असा जन्मला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले, आणि आज ते देशभर रूढ आहे.

सन १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे निराळीच अडचण आली. शाळेच्या वयाच्या मुली येईनात, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे. मुलगे येईनात, कारण त्यांना गुरे राखावयाची. मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी विकासवाडी उभी राहिली. बहीण शाळेत येताना भावंडाला घेऊनच येऊ लागली. गुराख्यांसाठी गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरविली, तिला कुरणशाळा म्हणत. शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने. मी तरुणपणी एकदा तो डोंगर पाहून आलो आहे. मी विसरलो नाही ते एवढेच, की तेथे मूल का येत नाही याचा दोष मुलाला किंवा त्याच्या आईबापांना कोणी देत नव्हते.

आपल्या फाटकाशी उभी असलेली मुलगी आत आली त्याची बातमी अर्थातच कार्यकारी मंडळास लागली. काही सभासदांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो. हे सभागृह वाडवडिलांनी आपल्या वर्गणीतून बांधले. शिबिराचा खर्च ज्ञातीच्या निधीतून होतो आणि तो निधी कष्टाने जमविला आहे. एकास घेतले तर उद्या दहा येतील आणि आपल्या मुलांना जागा उरणार नाही. शिवाय नियम मोडावयाचा असेल तर गुरुजींनी आधी विचारावयास हवे होते. यांतील शेवटचा मुद्दा मला सर्वस्वी मान्य आहे. मी विचारले नाही, ही माझी चूक, आणि तिच्याबद्दल मी या सभेपुढे दिलगिरी व्यक्त करतो. जागेचा मुद्दाही खोटा नाही, परंतु अडतीस नावांपैकी तीसच मुले येत होती, एवढे मी नमूद करतो.

उरला वाडवडिलांचा मुद्दा. आपल्या मंडळाच्या दालनात ज्यांची तसबीर आहे, त्यांच्या घराची गोष्ट आपण सर्व जाणतो. गंगाखेडची एक गरिबाघरची लहान पोर बापाबरोबर पंढरीस आली आणि दामाशेटींच्या घरी राहिली. ती काही त्यांच्या ज्ञातीची नव्हती. तिने त्या घरची भांडी घासली, दळण दळले आणि नामदेवांबरोबर ती वाढली. तिचे अभंग आज महाराष्ट्रात ज्या घरी जाते उरले नाही त्या घरीही म्हटले जातात, आणि त्यांत ती आपली ओळख नामदेवांच्या घरची म्हणूनच देते. पुढे मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणावयास नामदेव स्वतः गेले आणि त्या पंढरीस महाद्वारापुढे ठेविल्या, असे परंपरा सांगते. त्या काळी तेथेही नियम करणारे लोक असतीलच. दामाशेटींनी त्या पोरीला दारातून परत पाठविले असते तर त्यांना कोणी नावे ठेविली नसती.

मी यापेक्षा अधिक ताणत नाही. पुढील शिबिरासाठी माझी सूचना अशी आहे, की ज्ञातीतील दर पाच मुलांमागे एक जागा ज्ञातीबाहेरील, शक्य तर श्रमिकांच्या मुलासाठी ठेवावी, त्याकडून शुल्क घेऊ नये आणि कडेवरचे भावंड असल्यास त्यासह घ्यावे. येणाऱ्या खर्चापैकी पहिल्या वर्षाचा भार मी माझ्या निवृत्तिवेतनातून उचलीन. पुढचे सभेने ठरवावे. हा ठराव दुपारच्या सत्रात विषयपत्रिकेवर आहे.

शेवटच्या दिवसाविषयी सांगावयाचे राहिले. पालकांच्या आग्रहास्तव अंगणात मांडव घालून कार्यक्रम करण्याचे मी अखेर कबूल केले होते. पण त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. विसाव्या तारखेपासून सरी सुरू झाल्या आणि २६ मे रोजी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीरही झाले. अंगणात घोटाभर पाणी, मांडवाचे कापड लोंबू लागलेले. तेव्हा पालकांना सभागृहातच मुलांशेजारी सतरंजीवर बसविले आणि मुलांना नेहमीचेच काम करू दिले. एका वडिलांनी सव्वा तास बसून आपल्या मुलाबरोबर बटणांचे ढीग केले. ते बँकेत अधिकारी आहेत. जाताना मला म्हणाले, "गुरुजी, हा इतका वेळ एका जागी बसतो हे मला ठाऊक नव्हते." रंगमंचावर काय सादर होणार, हे त्यानंतर कोणी विचारले नाही.

ती लमाणी मुलगी त्या दिवशी नव्हती. पावसामुळे बांधकाम थांबले आणि २४ तारखेच्या सुमारास ते कुटुंब निघून गेले. कोठे गेले हे मुकादमासही नीट सांगता आले नाही. तिने सुरू केलेला गोणपाटाचा तुकडा अर्धा राहिला होता, तो आमच्या दोन मुलींनी पुरा केला. त्यांचे टाके तिच्याइतके सरळ नाहीत. तो तुकडा आणि इतर मुलांची कामे बाहेर टेबलावर मांडली आहेत. भोजनास जाताना पाहावीत.

अखेरची विनंती दुकानदार बांधवांस. पुढच्या शिबिरासाठी कात्रणे, लाकडी रिळे, न चालणारे टेप आणि सुटी बटणे लागतील. कात्रणे हाताच्या पंजाहून लहान नसावीत. बटणे धुऊन द्यावीत, आणि फार बारीक बटणे देऊ नयेत, लहान मुले ती तोंडात घालतात. एप्रिलअखेरपर्यंत हे सामान चिटणीसांकडे किंवा उरण नाक्याजवळ माझ्या घरी पोहोचवावे. मी सकाळी दहापर्यंत घरी असतो.